सिलान्ट्रो, कोरिअँडर, कोथिंबीर, धने: कोणत्या शब्दाला काय?

प्रश्न असा आहे: एका इंग्रजी पाककृतीत 'सिलान्ट्रो पाव कप' आणि खाली 'कोरिअँडर एक टीस्पून' असं लिहिलंय. दोन्ही म्हणजे कोथिंबीरच का? मराठीत उतरवताना काय लिहावं? आणि 'कोथिंबीर' हा शब्द मुळात कुठला?

झाड एकच आहे, पण पाककृतीतल्या वस्तू दोन आहेत. सिलान्ट्रो म्हणजे कोथिंबीर. कोरिअँडर म्हणजे इथे धने, आणि टीस्पूनचं माप दिलंय म्हणजे बहुधा धनेपूड.

गोंधळ होतो तो इंग्रजीमुळे. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन 'कोरिअँड्रम'च. फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कोरिअँडर' आला. स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा 'सिलान्ट्रो' झाला आणि मेक्सिकन स्वयंपाकाबरोबर तो अमेरिकेत पोचला. तिथे वाटणी झाली: पानं ती सिलान्ट्रो, दाणे ते कोरिअँडर. ब्रिटनमध्ये ही वाटणी नाही, तिथे दोन्हींना कोरिअँडरच म्हणतात. म्हणून पाककृती कुठली आहे ते आधी पाहावं. ते कळत नसेल तर मापावरून ओळखता येतं. 'जुडी', 'चिरून', 'ताजी', 'वरून पेरा' असं असेल तर पानं. 'भाजून', 'कुटून', 'टीस्पून' असेल तर धने. 'चायनीज पार्सली' असं लिहिलेलं दिसलं तर तीही कोथिंबीरच, पार्सली नव्हे. स्पॅनिशमधल्या 'कुलान्ट्रो'पाशी मात्र थांबून विचार करावा. काही ठिकाणी तो कोथिंबिरीला वापरतात, पण अनेकदा त्या नावाची वनस्पती वेगळीच असते. तिची पानं लांब, करवतीसारख्या कडांची असतात. तिचा वास कोथिंबिरीसारखाच पण बराच उग्र असतो, म्हणून ती कमी घालावी लागते.

मराठीत ही वाटणी आधीपासूनच आहे, आणि ती अमेरिकन इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे. पानांना कोथिंबीर, दाण्यांना धने. हिंदीत दोन्हींना 'धनिया' म्हणतात, म्हणून पानांसाठी 'हरा धनिया' असं विशेषण लावावं लागतं. हल्ली भाषांतरांतून 'हिरवा धनिया', 'धन्याची पानं' असे प्रयोग मराठीत दिसू लागलेत. आपल्याकडे नेमका शब्द असताना त्यांची काहीच गरज नाही. विदर्भात मात्र कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात, आणि तो अस्सल बोलीशब्द आहे. 'भाजीवर सांबार टाक' हे ऐकून आमटीसारख्या सांबाराचं भांडं शोधू नये.

आता व्युत्पत्ती. संस्कृतात 'कुस्तुम्बरी' आणि 'कुस्तुम्बुरु' अशी दोन्ही रूपं आहेत. 'स्त'चा प्राकृतात 'त्थ' होतो आणि मराठीत 'थ' उरतो. मस्तकाचा माथा झाला तो असाच, आणि कुस्तुम्बरीची कोथिंबीर झाली तीही तशीच. गुजरातीतली कोथमीर, कन्नडमधली कोत्तंबरी, तेलुगूतली कोत्तिमीर ही याच कुळातली. पाणिनीनं तर या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलंय: 'कुस्तुम्बुरूणि जातिः' (६.१.१४३). वनस्पतीची जात सांगायची असेल तेव्हाच मध्ये 'स्' येतो. नुसती 'तुंबुरु' नावाची वाईट फळं म्हणायची असतील तर 'कुतुम्बुरु'. एका 'स्'नं अर्थ बदलतो, हे नोंदवावंसं त्याला वाटलं! 'धने'ची वाट वेगळी आहे. ते संस्कृत 'धान्यक'वरून आले, म्हणजे धान्यासारखा दाणा.

लिहिताना 'कोथिंबीर' दीर्घ, पण 'कोथिंबिरीची जुडी', 'कोथिंबिरीनं' यांत 'बि' ऱ्हस्व. 'धने' आणि 'धणे' दोन्ही चालतात. सामान्यरूपात मात्र 'धन्याची पूड' हे 'धनी'च्या रूपाशी जुळतं, म्हणून 'धण्याची पूड' किंवा सरळ 'धनेपूड' लिहिणं बरं.

स्वयंपाकात एकाऐवजी दुसरं चालत नाही, ते का हे कळलं की शब्दांचा आग्रहही पटतो. पानांचा वास आल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा असतो. ती चटकन उडून जातात, म्हणून कोथिंबीर आच बंद केल्यावर घालावी. दहा मिनिटं उकळली तर हिरवा चोथा तेवढा उरतो. दाण्यांच्या तेलात मुख्य भाग लिनालूलचा असतो. त्याचा वास फुलांसारखा, किंचित लिंबाच्या सालीसारखा, आणि तो शिजवण्यात बऱ्यापैकी टिकतो. धने मंद आचेवर तीन-चार मिनिटं, रंग जेमतेम बदलेपर्यंत भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावर दळावेत. गरम दळले तर वाफेनं पुडीच्या गुठळ्या होतात. करपले तर कडू होतात, आणि तो कडूपणा कशानंही लपत नाही.

काही जणांना कोथिंबीर साबणासारखी लागते. तो हट्ट नाही. नाकातल्या वास टिपणाऱ्या ग्राहींच्या (रिसेप्टर) जनुकांतल्या फरकाशी त्याचा संबंध आढळला आहे. अशांसाठी पानं वाटून थोडा वेळ ठेवावीत. पेशी फुटल्यावर पानांतलीच विकरं (एन्झाइम) त्या वासाची धार कमी करतात.

चटणीसाठी कोवळे देठ टाकू नयेत, त्यांतही चव भरपूर असते. जाड, चिवट बुंधे तेवढे काढावेत. थंड पाणी घालून थांबत थांबत वाटावं आणि लिंबू अगदी शेवटी पिळावं. आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग शेवाळी पडतो. साठवताना आधी धुऊ नये. ओली पानं काळी पडून चिकट होतात. देठ पाण्याच्या पेल्यात उभे ठेवून वरून पिशवी सैल घालावी आणि पेला फ्रीजमध्ये ठेवावा. वाळवलेल्या पानांत वास जवळजवळ राहत नाही. त्यापेक्षा वाटून बर्फाच्या साच्यात गोठवलेली बरी. मुळं थाई स्वयंपाकात लसूण आणि मिऱ्यांबरोबर कुटून घेतात. तिथे पाककृतीत 'मुळं' म्हटलं असेल तर मुळंच हवीत. ती नसतील तर देठांचा खालचा भाग घ्यावा.

आरोग्याच्या दाव्यांतही हीच सरमिसळ होते. 'कोरिअँडर पाचक आहे' हा पारंपरिक दावा मुख्यतः धण्यांचा. 'कोरिअँडरमध्ये क जीवनसत्त्व आहे' हा पानांचा. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व आणि २७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आणि पाणी ९२ टक्के. पण १०० ग्रॅम कोण खातं? चिरलेली कोथिंबीर कपभर घेतली तरी १६ ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्यातून क जीवनसत्त्व चार-पाच मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे नगण्य. के जीवनसत्त्व मात्र ५० मायक्रोग्रॅम, ते लक्षणीय. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्यांनी म्हणून कोथिंबिरीचं प्रमाण अचानक वाढवू नये, 'हिरवा रस' सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. धनेपुडीच्या एका चमच्याला हा इशारा लागू नाही. कोथिंबीर शरीरातले जड धातू बाहेर काढते, हे माणसांवर सिद्ध झालेलं नाही.

पेरण्यासाठीचं 'बी' म्हणजे धनाच, आणि खरं पाहता ते फळ आहे. एका धण्यात दोन बिया असतात. पेरण्याआधी लाटण्यानं हलकेच दाबून तो दुभंगवावा. चुरा झाला तर उगवत नाही. उन्हाळ्यात झाड लवकर फुलोऱ्यावर येतं, वरची पानं शेपूसारखी बारीक होतात आणि त्यांची चव बिघडते. मग पानांचा मोह सोडून धने धरू द्यावेत.

तेव्हा त्या पाककृतीत असं लिहा: 'बारीक चिरलेली कोथिंबीर पाव कप' आणि 'धनेपूड १ छोटा चमचा'.