बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, म्हणजे प्रकटीकरणातला, ६६६ हा श्वापदाचा आकडा कोणाचा? आणि जगाच्या अंताची तारीख त्यातून काढता येते का?

तारीख नाही काढता येत. आधी हे पाहा की ते पुस्तक एक पत्र आहे. पात्म बेटावरून योहानाने रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेलं. त्यांना कळणार नाही असं तो कशाला लिहील?

६६६ घ्या (अध्याय १३, वचन १८). हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं. ‘नेरोन केसर’ (म्हणजे रोमन सम्राट नीरो) हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. नेरोनचा शेवटचा ‘न’ गाळला की ५० कमी होऊन बरोबर तेच येतं! म्हणून बरेच अभ्यासक रोख सम्राट नीरोकडे मानतात. सगळे नाही, काहींच्या मते हे अजून घडायचं आहे.

बारकोडात वगैरे ६६६ शोधणाऱ्यांकडे मी तरी लक्ष देत नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं करून जगाच्या अंतासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीकही कापलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. तो दिवस पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ मध्ये त्यांनीही वाचलेलं असणारच.