तिसरीपर्यंत ‘अ’, चौथीत ‘क’ : नेमकं काय बदललं?

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. तिसरीपर्यंत तिला सगळ्या विषयांत ‘अ’ श्रेणी मिळायची. यंदा पहिल्या सत्रात गणित आणि विज्ञान दोन्हींत ‘क’ आली. पाढे तोंडपाठ आहेत, वाचनही खडाखडा करते. रोज दोन तास अभ्यासाला बसते. बाई म्हणतात, ‘तिला प्रश्नच समजत नाही.’ चौथीच्या वर्षात मुलांकडून काय अपेक्षित असतं? क्लास लावावा का? आणि तिचा कल कळावा म्हणून कलचाचणी आत्ताच करून घ्यावी का? – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुमची नाही, बाईंची आहे. ‘प्रश्नच समजत नाही’ हे चौथीचं अगदी नेमकं वर्णन आहे.

तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. चौथीपासून ते शिकण्यासाठी वाचू लागतं. धडे लांबतात, चित्रं कमी होतात, आणि ज्या गोष्टी आधी बाई बोलून सांगायच्या त्या आता पुस्तकातून स्वतः काढाव्या लागतात. अमेरिकेतल्या वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी वाचनाचे टप्पे मांडताना हा सांधा दाखवून दिला होता. तोपर्यंत छान चाललेली मुलं इथे अडखळतात, ही घसरण त्यांनीच ठळकपणे पुढे आणली. तेव्हा मुलगी अचानक आळशी झाली असं समजू नका. परीक्षेला आता वेगळी गोष्ट विचारली जातेय.

‘खडाखडा वाचते’ यावर मात्र विसंबू नका. विज्ञानाच्या पुस्तकातला अजून न शिकवलेला भाग घ्या आणि साधारण १०० शब्दांवर खूण करा. तिला मोठ्याने वाचू द्या, चुकलेले शब्द मोजा. पाचपर्यंत चुका झाल्या तर मजकूर तिच्या आवाक्यातला आहे. दहाच्या वर गेल्या तर शब्द वाचण्यातच तिची शक्ती संपतेय, अर्थासाठी काही उरत नाही. त्यानंतर पुस्तक मिटून तीन प्रश्न विचारा: एकाचं उत्तर थेट वाक्यात असावं, दुसऱ्याचं दोन वाक्यं जोडून मिळावं, तिसरा ‘का’ने सुरू व्हावा. समजा मजकुरात आहे की कपडा उन्हात लवकर वाळतो आणि वारा असला तर त्याहूनही लवकर. मग विचारा, ‘दोन कपडे सावलीत आहेत, एकाला वारा लागतो, दुसऱ्याला नाही, आधी कुठला वाळेल?’ पहिला प्रश्न सुटतो आणि हा अडतो, असं चौथीत बऱ्याच मुलांचं होतं. तुमच्या मुलीचंही तसंच असण्याची शक्यता मोठी आहे.

अडतं ते सहसा अवघड शब्दांपाशी नाही. ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘वगळता’, ‘यांपैकी’ असे छोटे शब्द मूल डोळ्यांनी ओलांडून जातं आणि वाक्याचा अर्थच उलटतो. उपाय साधा आहे, पण रोज करायला हवा. १५ मिनिटं, एक परिच्छेद तुम्ही वाचायचा, एक तिने. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून त्यात काय सांगितलं ते तिने एका वाक्यात सांगायचं. वाक्य चुकलं तर तुम्ही दुरुस्त करू नका. ‘कुठल्या ओळीवरून म्हणतेस?’ एवढंच विचारा. फरक दिसायला एखादी चाचणी नव्हे, एखादं सत्र जाऊ द्या.

आता गणित. इथे पाढे पाठ असण्याचा उपयोग आहेच, पण ओळीने म्हणता येणं वेगळं आणि मधूनच विचारल्यावर सांगता येणं वेगळं. ६ ते ९ या पाढ्यांतले २० गुणाकार उलटसुलट विचारा. ‘सात आठी?’ म्हटल्यावर ती मनात सात एकेपासून चढत येत असेल तर पाढा अजून पक्का नाही. मग उलटं विचारा: ५६ मध्ये ७ किती वेळा? भागाकाराला हेच लागतं, आणि चौथीत भागाकार ठाण मांडून बसतो.

चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे वहीत शोधायला सोप्या जातात. ४७ × ३६ करताना ४७ × ६ = २८२ बरोबर येतं, मग ३ ने गुणून १४१ लिहिलं जातं, शेवटचं शून्य लिहायचं राहून जातं आणि उत्तर ४२३ येतं. खरं उत्तर १६९२. यावर पुन्हा दहा गणितं घालण्यापेक्षा अंदाजाची सवय लावा: ४० × ३० म्हणजेच १२००, मग ४२३ कसं येईल? भागाकारात ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ येतं, कारण मधल्या १ मध्ये ६ जात नाहीत म्हणून भागाकारात ० लिहायचा हे सुटतं. उत्तर १०२ आहे. ‘उत्तर गुणिले भाजक, अधिक बाकी’ हा ताळा प्रत्येक भागाकाराखाली लिहायला लावा. कंटाळा येईल, येऊ द्या.

अपूर्णांकात गोंधळ वेगळाच. आठ हे चारपेक्षा मोठे, म्हणून १/८ हे १/४ पेक्षा मोठं, असं मुलाला अगदी प्रामाणिकपणे वाटतं. छेद म्हणजे एकाच वस्तूचे किती समान भाग, हे कागदाची पट्टी घडी घालून दाखवा: दोन घड्यांत चार भाग, तिसऱ्या घडीत आठ. त्याच पट्टीवर १/२, २/४ आणि ४/८ एकाच रेषेवर येतात हे तिला स्वतःला दिसू द्या. आधी नियम पाठ करून घेतला तर पुढच्या इयत्तांत तो वाट अडवतो. परिमिती आणि क्षेत्रफळाचंही तसंच. ६ बाय ४ च्या आयताभोवती दोरा फिरवला की २० भरतो, आत चौकडी पाडली की २४ चौरस.

पण बाईंच्या वाक्याचा खरा संबंध शाब्दिक उदाहरणांशी आहे. ‘पहिल्या पेटीत २४ वह्या, दुसरीत तिच्या ३ पट’ म्हणजे ७२. ‘दुसरीत ३ ने जास्त’ म्हणजे २७. आणि ‘पहिल्या पेटीत २४ वह्या आहेत, त्या दुसरीपेक्षा ८ ने कमी आहेत’ इथे ‘कमी’ शब्द दिसला की मूल वजाबाकी करून १६ लिहितं. उत्तर ३२. शब्द पाहून क्रिया ठरवायची सवय काही वेळा आपणच लावलेली असते. बाकी उरणारं उदाहरण तर मोठ्यांनाही चकवतं: ५० मुलं, एका गाडीत ८, गाड्या किती? भागाकार ६, बाकी २, पण गाड्या ७. आठवड्यात अशी पाच उदाहरणं पुरेत, मात्र सोडवण्याआधी तिने ती स्वतःच्या शब्दांत सांगावीत किंवा आकृती काढावी. पेन्सिल नंतर.

लेखनात ५ ते ८ ओळींचा एका विषयावरचा परिच्छेद यायला हवा. तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा, आधी विरामचिन्हं, मग जोडाक्षरं. पानभर लाल खुणा पाहून मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, तेवढंच होतं.

दोन तासांचा अभ्यास जास्त आहे. गृहपाठाचा प्रचलित अंदाज इयत्तेमागे १० मिनिटांचा, म्हणजे चौथीला सुमारे ४०. त्यात वाचनाची १५ मिनिटं मिळवा आणि वही मिटा. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते. ती कापून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी वर्गात वाया जातो. दप्तर तिनेच भरायचं, काय आणायचं ते तिनेच टिपायचं. आठवड्यातून एकदा वही विसरली तर शाळेत पोहोचवू नका.

वागण्यातही बदल दिसतील. मैत्रिणींचे गट पडतात, कोण कोणाशी बोलत नाही यावर संध्याकाळ जाते, स्वतःची तुलना सुरू होते. ‘मला गणित जमतच नाही’ हे वाक्य साधारण याच वयात पहिल्यांदा ऐकू येतं. त्यावर ‘असं बोलू नये’ म्हणण्यापेक्षा ‘कुठली पायरी जमली नाही, दाखव’ म्हणा. काही मुलींमध्ये वयात येण्याचे शारीरिक बदल याच सुमारास सुरू होतात, तेव्हा तो विषय घरात आधीच मोकळा असलेला बरा.

क्लास? आत्ता नाही. क्लासमध्ये त्याच प्रकारची गणितं आणखी मिळतील, तिची अडचण वाचून समजण्याची आहे. बाईंना भेटा, पण गुणपत्रिका घेऊन नव्हे, वही आणि उत्तरपत्रिका घेऊन. कुठल्या प्रकारच्या प्रश्नाला गुण गेले, तोंडी विचारल्यावर तेच उत्तर येतं का, वेळ पुरतो का, एवढं विचारा. तोंडी येत असेल आणि लेखी नाही, तर वाचन-लेखनाकडे बघावं लागेल.

अजूनही ती अक्षर अक्षर जोडून वाचत असेल, काना-मात्रांची रोज अदलाबदल होत असेल, ९ + ७ साठी बोटं लागत असतील किंवा शाळेच्या सकाळीच पोट दुखत असेल, तर मात्र ‘मोठी झाली की येईल’ म्हणत पाचवीची वाट पाहू नका. आधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं न दिसणारं मूल ते बोलून दाखवेलच असं नाही. त्यानंतर मुलांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी.

कलचाचणीचे पैसे वाचवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची आवड सहा महिन्यांत बदलते, आणि ती बदलायलाच हवी. शिवाय चाचणीतले प्रश्नही वाचूनच सोडवायचे असतात, त्यामुळे निकालात कल कमी आणि वाचनाची अडचण जास्त उतरेल. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वहीत दोन ओळी लिहा: कोणी सांगितलं नसताना ती अर्धा तास कशात रमली, आणि त्यात नेमकं काय करत होती. ‘चित्रं काढते’ एवढं लिहू नका. रंग जुळवत होती, गोष्ट रचत होती की मोजमाप घेत होती, ते लिहा. आठवी-नववीत समुपदेशकाकडे जाल तेव्हा ही वही सोबत न्या.