वारंवारता सरकते, ओढली जाते की ढकलली जाते?

प्रश्न असा आहे: रेडिओ ट्रान्समीटर चिपच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘ड्रिफ्ट’, ‘पुलिंग’ आणि ‘पुशिंग’ हे तीन शब्द येतात. तिन्ही ठिकाणी ‘वारंवारता बदलते’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘स्टॅबिलिटी’ला ‘अचूकता’ म्हणता येईल का?

दोन्ही चालणार नाही. तिन्ही शब्दांत परिणाम एकच, पण तो घडवणारा वेगळा, आणि उपाय त्याच्यावर ठरतो. वाचणारा पुरवठ्याचा कपॅसिटर बदलत बसेल आणि दोष असेल ॲंटेनाकडचा.

आधी अचूकतेचं. रोज नेमकं एक मिनिट पुढे जाणारं घड्याळ स्थिर असतं, पण अचूक नसतं. एखादं आज अर्धा मिनिट पुढे, उद्या अर्धा मिनिट मागे जातं. सरासरीने ते अचूक, पण स्थिर अजिबात नाही. चिपमधली पहिल्या प्रकारची चूक कारखान्यात एकदा मोजून कायमची वजा करता येते, दुसरी नाही. म्हणून ‘स्टॅबिलिटी’ला स्थिरता किंवा स्थैर्यच म्हणा. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. २० पीपीएमची चूक घड्याळात दिवसाला पावणेदोन सेकंदांची, तर २४४० मेगाहर्ट्झवर जवळपास ४९ किलोहर्ट्झची होते.

‘ड्रिफ्ट’साठी ‘सरकत जाणे’. ‘सरकणे’ एकदाच घडू शकतं. ‘सरकत जाणे’ म्हटलं की हळूहळू, एकाच दिशेने आणि थांबवल्याशिवाय न थांबणारं, हे सगळं त्या ‘जाणे’मध्ये येतं. तानपुरा उतरतो तसं. ‘वाहवत जाणे’ घेऊ नका, त्याला भान सुटल्याची छटा आहे. इथे कारणं तीन: तापमान, वय आणि गळती. गळतीचं एक उदाहरण पाहा. काही ट्रान्समीटर पॅकेट पाठवताना पीएलएलची (वारंवारता संदर्भाशी ताडून सतत दुरुस्त करणाऱ्या मंडलाची) साखळी उघडी, म्हणजे तोडलेली, ठेवतात आणि व्हीसीओ (व्होल्टेज देऊन ज्याची वारंवारता ठरवतात तो ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारा भाग) फक्त कपॅसिटरवर साठवलेल्या व्होल्टेजवर चालतो. कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा आणि गळती १ नॅनोॲंपिअरची असेल तर व्होल्टेज दर मिलिसेकंदाला १ मिलिव्होल्टने घसरतं. व्हीसीओची संवेदनशीलता व्होल्टला ५० मेगाहर्ट्झ धरली तर एका मिलिसेकंदात वारंवारता ५० किलोहर्ट्झ सरकली. गरम हवेत गळती वाढते, म्हणजे हा आकडाही वाढतो. साखळी जोडलेली ठेवली की हे सरकणं संदर्भ स्फटिकाएवढंच (पीएलएल ज्याच्याशी ताडून पाहतं त्या क्वार्ट्झएवढंच) उरतं.

‘पुशिंग’ म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजमुळे होणारा बदल. त्याला ‘पुरवठ्यामुळे ढकलली जाणे’ म्हणा. नाम हवं असेल तर ‘पुरवठ्याचा रेटा’ उत्तम. याचं एकक व्होल्टला इतके मेगाहर्ट्झ. पॉवर ॲम्प्लिफायर चालू होताना करंट एकदम २० मिलिॲंपिअरने वाढला आणि वाटेत १ ओहमचा सामायिक रोध असला, तर पुरवठा २० मिलिव्होल्टने दबतो. रेटा व्होल्टला ५ मेगाहर्ट्झ असेल तर वारंवारता १०० किलोहर्ट्झने उडी मारते. पीएलएल ती सावरून घेतं, पण तोवर पॅकेटची सुरुवात होऊन गेलेली असू शकते. म्हणून व्हीसीओला स्वतःचा वेगळा एलडीओ (पुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) देतात आणि ॲम्प्लिफायर झटक्यात न उघडता पायऱ्यापायऱ्यांनी उघडतात.

इथे एक खाचखळगा आहे. ब्लूटूथ लो एनर्जीच्या नियमात मध्यवर्ती वारंवारतेची एकूण चूक ±१५० किलोहर्ट्झच्या आत आणि एका पॅकेटमधलं सरकणं ५० किलोहर्ट्झच्या आत असावं लागतं. तिथे शब्द ‘ड्रिफ्ट’च आहे, आणि वरची १०० किलोहर्ट्झची उडीही त्याच मापात पकडली जाते. कारण चाचणी बाहेरून होते. तिला लक्षण दिसतं, कारण दिसत नाही. चाचणी अहवालात म्हणून ‘सरकणे’च ठेवा; ‘रेटा’ आणि ‘ओढ’ (पुलिंगसाठी, पुढे पाहा) हे शब्द निदानासाठी राखा.

सर्वांत बारकाईने लिहायचा शब्द ‘पुलिंग’, म्हणजे ‘ओढली जाणे’. ओढणारे दोन असतात. एक म्हणजे भार: आउटपुटला जोडलेल्या भागाचा इंपीडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा अडथळा) बदलला, समजा कोणी ॲंटेनाजवळ हात नेला, तर ऑसिलेटरची वारंवारता हलते. दुसरा म्हणजे परका सिग्नल. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सला १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं एकमेकांशी जुळताना दिसली, तीच ही गोष्ट. अभियंता रॉबर्ट ॲडलरने १९४६ मध्ये तिचं गणित मांडलं. ते चिपला लावून पाहा: ऑसिलेटरच्या सिलिकॉनवरच्या वेटोळ्याचा (इंडक्टरचा) क्यू, म्हणजे ऊर्जा टिकवून धरण्याचं माप, १० च्या आसपास असतो. २.४ गिगाहर्ट्झवर मूळ करंटच्या हजाराव्या भागाएवढा परका करंट आत घुसला, तरी तो १२० किलोहर्ट्झच्या अंतरापर्यंत ऑसिलेटरला स्वतःशी जखडून टाकू शकतो. त्या अंतराबाहेर असेल तर जखडत नाही, नुसता ओढत राहतो. स्फटिकाचा क्यू हजारोंच्या घरात असल्याने तो असा सहजी ओढला जात नाही.

परका सिग्नल बहुतेकदा घरचाच असतो, त्याच चिपवरच्या पॉवर ॲम्प्लिफायरचा. व्हीसीओ प्रक्षेपणाच्याच वारंवारतेवर चालवला की ही ओढ सर्वांत जास्त. दुप्पट वारंवारतेवर चालवून दोनने भागलं तर ती कमी होते, संपत नाही, कारण ॲम्प्लिफायरची दुसरी संनादी वारंवारता (मूळच्या दुप्पट) नेमकी तिथेच पडते. म्हणून काही रचनांत २४४० साठी व्हीसीओ १६२७ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवून दीडपट करतात. शिवाय वेटोळंच आठच्या आकाराचं काढतात. दोन्ही फेऱ्यांतले करंट उलट दिशांनी फिरतात आणि बाहेरून येणारं चुंबकीय क्षेत्र बहुतांशी आपोआप खोडलं जातं. भाषांतरात इथे ‘इंग्रजी आठ’ असं स्पष्ट लिहा. देवनागरी ८ मध्ये रेघ स्वतःला छेदत नाही, आणि सगळी करामत त्या छेदातच आहे.

‘ओढ’ आणि ‘ढकल’ या जोडीमुळे वाचकाला वाटतं की एकात वारंवारता कमी होते आणि दुसऱ्यात वाढते. तसं नाही, दोन्हींत ती कोणत्याही बाजूला जाऊ शकते. म्हणून कारण आधी लिहा: ‘भारामुळे ओढली जाते’, ‘पुरवठ्यामुळे ढकलली जाते’, ‘तापमानामुळे सरकत जाते’.

स्फटिकाच्या बाबतीत मात्र ओढणं हेतुपुरस्सरही असतं. १२ पिकोफॅरड भारधारकता (जेवढी जोडल्यावर तो ठरलेल्या वारंवारतेवर चालतो तेवढी) लिहिलेल्या स्फटिकाला दोन्ही बाजूंना १२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावणं ही नेहमीची चूक. ते एकसरीत येतात, म्हणून मिळतात ६. तांब्याच्या रेषांचे आणि पायांचे ३ धरले तरी ९ च. स्फटिक ठरलेल्या वारंवारतेपेक्षा दहा-वीस पीपीएम किंवा त्याहून जास्तच वर चालतो. १८ चे दोन लावले की ९ अधिक ३ बरोबर १२. इथे ‘ओढून जागेवर आणणे’ हा प्रयोग अगदी बरोबर बसतो.

राहिला ‘ऑसिलेटर’. मराठी विश्वकोशात ‘आंदोलक’ आढळतो, पण आजच्या वाचकाला त्यावरून मोर्चातला माणूस आठवतो. ‘दोलक’ घ्या, किंवा ‘ऑसिलेटर’च ठेवा. विश्वकोशातली ‘कंप्रता’ आणि शाळेच्या पुस्तकातली ‘वारंवारता’ एकच. एका दस्तऐवजात दोन्ही मिसळू नका.