गुरुजींचं वाक्य गुरुजींनाच पुरं करू द्या

“ताई, माझे यजमान ५१ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कॅन्सरमुळे मागच्या वर्षी त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलं, नंतर रेडिएशन झालं. आता मानेतल्या छिद्रातून श्वास घेतात. बोलायचं मशीन मिळालंय, पण ‘काका रोबो झाले’ म्हणून पुतण्या हसला, तेव्हापासून ते कपाटात पडून आहे. हे दिवसभर झोपून असतात. माझ्या स्वयंपाकाला बरं म्हणत नाहीत की वाईट. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. गावात लोक म्हणतात, बिड्या ओढल्या, आता भोगतोय. घरात तशी अडचण काही नाही, यांनी नुसतं बघितलं तरी मला कळतं. कोणी आलं-गेलं तर मीच बोलते. पण माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय. काय करू?”

ताई, ‘घरात तशी अडचण काही नाही’ असं तुम्ही लिहिलंत, आणि मला वाटतं, घोडं तिथंच अडलंय.

भुवई उचलली की चहा येतो, मान हलवली की पंखा लागतो. मग गुरुजींनी मशीन हातात घ्यायचं कशाला? तुम्ही हे मायेपोटी करता, यात शंकाच नाही. वर्षभर ड्रेसिंग, नळी साफ करणं, रात्री-अपरात्री खोकल्याला उठणं हे सगळं तुम्हीच काढलंय. पण आता दिवसातून दोन-चार वेळा मुद्दाम समजू नका. चहा हवा की पाणी, कळलं तरी न कळल्यासारखं करा. पाहुण्यांनी “आता कशी आहे तब्येत?” असं तुमच्याकडे बघून विचारलं, की म्हणा, “त्यांनाच विचारा की.” आणि मग गप्प बसा. ते शब्द जुळवतील, अडतील, पाहुणे चुळबूळ करतील. तेवढा वेळ कळ काढायची. तुमच्यासारख्या बोलक्या बाईला ते मशीन शिकण्यापेक्षाही अवघड जाईल, हे पत्रावरून दिसतंच आहे.

आता मशीनबद्दल. ते मानेला टेकवलं की कंप तोंडात जातो आणि जीभ-ओठ त्याचे शब्द करतात. फुप्फुसातली हवा त्याला लागतच नाही. नवशिके जोर लावून बोलायला जातात, मग मानेच्या छिद्रातून फुसफुस आवाज येतो आणि शब्द त्यातच बुडतात. रेडिएशननं मान कडक झाली असेल तर तिथे आवाज नीट उमटत नाही, गालावर टेकवून बघावं लागतं. ‘प’ आणि ‘ब’ सारखेच ऐकू येतात, ‘ह’ तर जवळपास गायबच होतो. म्हणून वाक्यं छोटी आणि उच्चार सावकाश. हे शिकवायला वाचाउपचार तज्ज्ञ असतात, जिथे ऑपरेशन झालं तिथेच चौकशी करा. त्याच खेपेला व्हॉल्व्हचंही विचारा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये तो बसवतात, छिद्र झाकून बोललं की स्वतःच्या श्वासावर आवाज निघतो, आणि तो माणसाचा वाटतो. त्याला रोजची सफाई लागते, काही महिन्यांनी तो बदलावाही लागतो. परदेशी व्हॉल्व्ह महाग पडतो, पण बंगळुरूचे सर्जन डॉ. विशाल राव यांनी कमी किमतीचा देशी व्हॉल्व्ह तयार केला आहे. गुरुजींना तो चालेल का, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील.

आणि पुतण्याला रागावू नका. त्याच्या हातात मशीन द्या, स्वतःच्या गळ्याला लावून बोलू दे त्याला. पोरांना असलं यंत्र म्हणजे पर्वणी. अर्ध्या तासात तोच गावभर सांगत सुटेल.

स्वयंपाकाचं मनाला लावून घेऊ नका. हवा नाकातून जातच नाही, म्हणून फोडणीचा वास त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि वास गेला की चवीतली अर्धी गंमत जाते. एक युक्ती आहे. ओठ मिटलेले ठेवून, चारचौघांत जांभई दाबतो तसा जबडा आणि जीभ खाली ओढायची. नाकातून थोडी हवा आत येते. रोज जेवायच्या आधी पाच-दहा वेळा करून बघू द्या. अनेकांना थोडाफार वास परत येतो.

दिवसभर झोपून राहणं मात्र नुसतं दुःख समजून सोडून देऊ नका. या ऑपरेशनमध्ये थायरॉइडचा भाग बऱ्याचदा काढावा लागतो, वरून रेडिएशन. थायरॉइड मंदावली की माणूस सुस्त होतो, मन उदास राहतं. या आठवड्यात रक्ताची टीएसएच तपासणी करून घ्या. ती ठीक आली आणि तरीही ते असेच राहिले, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही त्यांनी लिहून दाखवलं, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला एक दिवसही लावू नका.

तो अर्ज अजून देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढल्याचं उदाहरण स्पष्ट दिलेलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. पूर्वीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं असतं. आधी जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. भेटीत बोलणार कोण, हे आता सांगायला नको. वर्गावर जायचं ठरलं तर खडूची धूळ थेट फुप्फुसात जाईल. मार्करचा फळा मागून घ्या आणि छिद्रावर पातळ सुती कापड किंवा फिल्टर ठेवा.

गावातल्या लोकांना उत्तर देत बसू नका. बिडीनं झालं असेल, बहुधा झालंच असेल. ती सुटली, विषय संपला. जो टोमणा मारतो त्याच्या खिशात काय आहे ते एकदा बघा.

डोक्यावरून तांब्या ओतून आंघोळ बंद. खाली वाकून, छिद्रात पाणी जाणार नाही पण श्वासही अडणार नाही असा आडोसा धरून पाणी घ्यायचं. आणि खिशात एक चिठ्ठी कायम हवी: ‘मी मानेतून श्वास घेतो. ऑक्सिजन मानेच्या छिद्राला लावा.’ रस्त्यात काही झालं तर लोक नाकातोंडाशीच झटत बसतात. ही चिठ्ठी गुरुजींनाच लिहू द्या, अक्षर चांगलं असेल त्यांचं.

टीएसएचचा रिपोर्ट आला की कळवा.