‘फ्लिकरिंग मास्क’ला ‘लुकलुकता मुखवटा’ म्हणावं का?

सोलापुरातल्या मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: प्रकल्पात ‘कंटिन्युअस फ्लॅश सप्रेशन’ऐवजी ‘लुकलुकत्या मुखवट्याने होणारे प्रतिमेचे दमन’ असं लिहिलं तर चालेल का?

तिन्ही शब्द बदलावेत. २००५ साली त्सुचिया आणि कॉख या मेंदू-संशोधकांनी मांडलेली ही पद्धत अशी: आरशांच्या स्टिरिओस्कोपमधून (दोन डोळ्यांना वेगवेगळं दृश्य दाखवणाऱ्या उपकरणातून) एका डोळ्याला स्थिर चित्र दाखवायचं, समजा चेहरा. दुसऱ्या डोळ्याला त्याच जागी रंगीत चौकोनांची दाटी, एकावर एक चढलेली, अगदी वाकळीच्या ठिगळांसारखी. ही नक्षी साधारण दर १०० मिलिसेकंदांनी नवी, म्हणजे ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या) पडद्यावर दर सहा फ्रेमना एक. चेहरा डोळ्यासमोर असूनही कित्येक सेकंद दिसत नाही.

आता लुकलुकते ती चांदणी: तेज कमीजास्त होतं, चांदणी तीच. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या दिव्यांच्या माळांची उघडझाप होते, मध्ये क्षणभर अंधार. इथे अंधाराला जागाच नाही. एक नक्षी सरते न सरते तोच दुसरी हजर. म्हणून ‘झपझप पालटती नक्षी’ म्हणावं.

मुखवटा चेहऱ्यावर चढतो. ही नक्षी मात्र चित्रावर नसतेच, ती दुसऱ्या डोळ्याला दिसत असते. त्यामुळे ‘आच्छादन’ही फसवंच. ‘दमन’ वाचलं की नकोशा इच्छा मनात दाबण्याबद्दल लिहिणारा फ्रॉइड आठवतो, आणि इथे कुणी काही मनात दाबून ठेवलेलं नाही. मला ‘झाकोळणे’ फार चपखल वाटतं. आभाळ झाकोळलं तरी सूर्य असतो, त्याचा थोडा उजेड पोचतोही. एखाद्या चित्राकडे टक लावून पाहिल्यावर उलट रंगाची छाया डोळ्यांपुढे उरते ना, ती झाकोळलेल्या चित्राचीही उरते, फक्त फिकी.

चित्र दिसतंय हे कळणं, म्हणजे ‘अवेअरनेस’, हा शब्दही प्रकल्पात लागेल. त्यासाठी ‘शुद्ध’ नको; माणूस टक्क जागा आहे. ‘भान’ पसरट आहे, वेळेचं, जागेचं, परिस्थितीचं. एकाच चित्राबद्दल बोलायचं तर ‘जाणीव’. आपण ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतो, पण हे चित्र दृष्टीआड नाही, डोळ्याच्या पडद्यावर ते पडलेलंच आहे. ते ‘जाणिवेआड’ गेलंय. वाक्य असं होईल: ‘झपझप पालटत्या नक्षीमुळे चित्र झाकोळून जाणिवेआड जाते.’

प्रयोग करणार असाल तर नक्षी प्रबळ डोळ्याला, म्हणजे ज्याचं दृश्य मेंदू जास्त धरतो त्या डोळ्याला द्या. चित्र एकदम पूर्ण ठळक आणू नका, पहिल्या सेकंदभरात हळूहळू उजळवा, नाहीतर ते लगेच दिसू लागतं. दोन्ही डोळ्यांना सारखीच काळी-पांढरी चौकट दाखवा. ती नसेल तर नजरा जुळत नाहीत आणि दोन्ही दृश्यं शेजारीशेजारी दिसतात. लाल-निळ्या चष्म्यावर भागवलं तर रंग पाझरतो, चेहरा नक्षीच्या डोळ्यालाही पुसट दिसतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

सहभागींना ‘काही दिसलं का?’ असं नुसतं विचारू नका. पुसटसं दिसलं तरी बरेच जण ‘नाही’ म्हणतात. चित्र चौकटीत कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा आणि विचारा: ‘डावीकडं होतं की उजवीकडं? अंदाजानं का होईना, सांगा.’ पुष्कळ फेऱ्यांत उत्तरं निम्मीच, म्हणजे निव्वळ अंदाजाने येतील तेवढीच, बरोबर आली, तरच ‘जाणिवेआड’ लिहावं.