नागपुरात तीन लाखांच्या आत घरच्या चौघांसाठी सेकंड हँड गाडी कोणती घ्यावी?

पेट्रोल वॅगनआर, १००० सीसीवाली. छत उंच, त्यामुळे आई-बाबांना चढा-उतरायला सोपं. पार्ट स्वस्त, अन् गल्लीतल्या मेकॅनिकलाही ती पाठ असते. आय टेन, स्विफ्टही चालेल. रोजचं धावणं बर्डी (सीताबर्डी बाजार) ते घर एवढंच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका.

गाडी भर दुपारी बघा. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून एसी लावून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवा. गार हवा टिकते का, गाडी तापते का, लगेच कळतं. पहिला स्टार्ट मात्र थंड इंजिनवरच, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१५ ची गाडी, मीटर वीस हजार, तरी टायर बदललेले? मग विचारा का, मीटर मागे फिरवलेलं असू शकतं.

आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय टोकनही देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करा.