मॅडम पेशंटसमोर अपमान करतात, मुलगी नर्सिंग सोडायचं म्हणते

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. वॉर्डात प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम सगळ्यांसमोर ‘तुला अक्कल नाही’ म्हणतात. ती आता पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीलाच जात नाही. ओळखीच्या नगरसेवकांना घेऊन प्राचार्यांना भेटू का?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, नगरसेवकांना नेऊ नका. मग मॅडमचं वागणं बाजूला राहतं आणि चर्चा दबावाची होते. लेकीला पुढची पाच सेमिस्टर तिथंच काढायची आहेत.

‘हात न धुता ड्रेसिंगला हात लावलास, बाजूला हो’ हे बोलणं कडक असलं तरी योग्य आहे. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. तिथं आवाज चढणारच. पण ‘अक्कल नाही’ यातून ती काय शिकणार? घाबरलेली विद्यार्थिनी डोसबद्दल शंका असूनही विचारत नाही, आणि ते पेशंटला भोवतं. म्हणून हे गिळून टाकू नये.

तिलाही स्पष्ट विचारा. वॉर्डात मोबाइल, सकाळी उशीर, अर्धवट केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा), उलट उत्तरं यातलं काही घडतं का? घडत असेल तर ते आधी थांबवायचं.

मग प्रत्येक प्रसंग त्याच संध्याकाळी वहीत लिहायचा : तारीख, वेळ, वॉर्ड, नेमके शब्द, हजर कोण. वॉर्डात रेकॉर्डिंग मात्र करायचं नाही, त्यात पेशंटही येतात. एक-दोन दिवसांनी मॅडमना वेळ मागून एकटीनं भेटायचं. वॉर्डात नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. म्हणायचं, ‘मॅडम, माझी चूक जरूर दाखवा. पेशंटसमोर तसं बोललात की हात थरथरतात, पुढचं सुचत नाही. बाजूला घेऊन सांगाल का?’ फरक पडला नाही तर वर्गशिक्षिका, मग प्राचार्यांना लेखी अर्ज, आणि प्रतीवर पोच. त्यानंतर तक्रार निवारण समिती. जातीवरून किंवा लैंगिक बोलणं असेल तर यातली एकही पायरी चढत बसू नका, थेट लेखी तक्रार द्या. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत करावी लागते.

मार्कांची भीती खोटी नाही. प्रॅक्टिकलच्या 100 पैकी 50 गुण अंतर्गत असतात. म्हणून लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही त्या-त्या दिवशी घ्यायची, आणि झेरॉक्स घरी ठेवायची.

पोस्टिंग बुडवणं उद्यापासून बंद. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली 100 टक्के भरून काढावी लागते. झोप, जेवण सुटलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर आजच बोलू द्या.